रुमालाचं तिकीट

आम्ही दोघं अजिंठ्याला निघालो आणि चिखलीपर्यंत पोचलो. केनवडात ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत झाली आहे आणि जो तो आपापल्या परीने सांगतो. किराणा दुकानातल्या गोष्टीत मी बाथरूमात अडकलेली असते. आमच्या गल्लीतल्या गोष्टीत माणिकराव बिचारे माझ्यासाठी चालत्या गाडीतून उडी मारतात. दोन्ही खोटं. म्हणून काय ते एकदाच मी लिहून काढते.

माणिकराव म्हणजे माझा नवरा. तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, म्हणजे कागदावर झाले. घरात ड्युटी चालूच आहे. बाहेर निघायचं असलं की लोखंडी कपाटावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतात. दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा. एकच टकटक म्हणजे थांबा. चार पाहुणे जेवायला बसले की ताटांवरून बोट फिरवत मोजतात. मोजताना त्यांचे ओठ हलतात, आवाज येत नाही. मी न्हाणीत असले की दाराबाहेरून विचारतात, "किती टाइम अजून?" जसं काही माझ्यापायी साठ माणसं खोळंबली आहेत.

ही मोजायची खोड लग्नातली. आमचं लग्न किन्हीराजाला, माझ्या माहेरी लागलं. वऱ्हाड एसटीची गाडी ठरवून आलं होतं. नोकरीला लागून यांना तेव्हा वर्षच झालेलं. परत निघताना पांढऱ्या कपड्यांतला, गळ्यात हार घातलेला नवरदेव गाडीच्या दारात उभा राहिला आणि एकेक माणूस मोजून आत सोडायला लागला. "येताना बावन्न होते, आता त्रेपन्न," असं ड्रायव्हरला सांगून त्यांनी स्वतःच घंटीची दोरी ओढली. त्रेपन्नावी मी. माझ्या शेजारी सासूबाईंची बहीण बसली आणि नवरदेव केनवडपर्यंत दाराशी उभा. सगळे हसले, मीही हसले. चौतीस वर्षांनी ते हसू परत घ्यावंसं वाटतं.

कंडक्टर म्हणून त्यांचं नाव मोठं होतं, हे मलाही कबूल करावं लागेल. मालेगाव, रिसोड, मेहकर, कुठल्याही स्टँडवर विचारा. कोणती म्हातारी कोणत्या फाट्यावर उतरते, कोणाला गाडी लागते म्हणून खिडकी द्यायची, कोणाची पोरगी कोणत्या कॉलेजात जाते, सगळं तोंडपाठ. झोपलेल्या माणसाला त्याच्या गावाच्या एक टप्पा आधी हलवून जागं करायचे. टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. आमच्या घरात अंतर टप्प्यांतच मोजतात. साऱ्या दुनियेचं उतरायचं ठिकाण त्यांना माहीत होतं. मी कुठे उतरणार, हे मात्र विचारायचे.

खरंच विचारायचे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या गाडीने माहेरी निघाले तेव्हा नवी साडी नेसून मी तिसऱ्या बाकड्यावर बसले होते. हे तिकिटांचा ट्रे घेऊन आले आणि वर न पाहता म्हणाले, "कुठं?" मी म्हटलं, "किन्हीराजा." तिकिटाला भोक पाडून हातात दिलं आणि पुढे सरकले. ड्रायव्हर किसनसिंग नवे होते. त्यांनी मागे वळून विचारलं, "कोन हाये हो ते बाई?" तर म्हणाले, "किन्हीराजाची शीट." कंडक्टर लोक प्रवाशाला शीट म्हणतात. मला वाटलं, नवंनवं लग्न आहे, लाजत असतील. लाजबीज काही नव्हती. ड्युटीवर असताना या माणसाला बायको नसायचीच.

आणि रुमालाचं तर विचारूच नका. आमच्याकडे गाडी स्टँडवर लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला येईल ते सीटवर टाकतात. रुमाल पडला की जागा धरली. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण सगळे मानतात. माणिकराव मानत नसत. गाडीत चढले की आधी सगळे रुमाल गोळा करायचे आणि खिडकीबाहेर भिरकावून द्यायचे. वर ओरडायचे, "रुमालाचं तिकीट काढलं काय? मानूस बसन इथं, रुमाल नाई!" आमचा विकास पाच महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. मालेगावच्या स्टँडवर मी असाच रुमाल टाकून जागा धरली आणि लेकराला पाजायला आडोशाला गेले. येऊन पाहते तर माझ्या जागेवर एक बाबा बसलेला, रुमाल खाली चाकाजवळ. मी दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "रूल म्हंजे रूल," ते म्हणाले. किन्हीराजापर्यंत मी विकासला कडेवर घेऊन उभी. त्या बाबाने मग गावोगाव सांगितलं, माणिकराव कंडक्टर म्हणजे खरा माणूस, बायकोलेही सोडत नाही. अजूनही लोक हे कौतुकानेच सांगतात. माझ्या कमरेला त्या दिवशी काय झालं ते कोणी विचारत नाही.

आता अजिंठ्याचं सांगते. मी बावीस वर्षं केनवडच्या अंगणवाडीत सेविका होते. गुडघे गेले म्हणून मागच्या वर्षी सोडली. अंगणवाडीच्या भिंतीवर मी एका जुन्या कॅलेंडरचं चित्र चिकटवलं होतं. अजिंठ्याचं, हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, डोळे खाली. लेकरं विचारायची, "बाई, हा खाली काय पायते?" मी सांगायचे, "त्याच्यासमोर कोनीतरी बसलं हाये. त्याच्याकडं पायते." दर साली नवी लेकरं यायची, दर साली हेच उत्तर. आणि मी स्वतः काही ते चित्र लेण्याच्या भिंतीवर पाहिलेलं नव्हतं. खरंच समोर बसणाऱ्याकडे पाहतो का, ते जाऊन बघायचं होतं. एवढीच हौस.

दुसरी एक गोष्ट मनात होती, ती मी फक्त सुनेला सांगितली. विकास आणि पौर्णिमा अकोल्याला असतात, दोघंही नोकरीला. नात शाळेत जायला लागल्यापासून त्यांचं टुमणं चालू होतं, आई, तुम्ही इकडेच राहायला या. बाबांना चार एकर सोडवत नाहीत, ते येत-जात राहतील. मी वर्षभर हो-नाही करत होते. खरं सांगायचं तर ही दोन वर्षं मला फार जड गेली. ते ड्युटीवर होते तेव्हा निदान संध्याकाळी येतील असं वाटायचं. आता दिवसभर घरात, आणि बोलणं काय, तर "चाल", "थांब", "किती टाइम". एका घरात राहून मी रोज त्यांची वाट पाहायचे. शेवटी पौर्णिमाला फोनवर म्हटलं, "आमी अजिंठ्याले जाऊन येतो. ह्या रस्त्यात हा मानूस माह्या बाजूले येऊन बसला तं मी केनवडलेच राह्यतो. नाई बसला तं गाठोडं बांधून तुह्याकडं येतो." ती हसली. तिला वाटलं, सासूबाई थट्टा करताहेत. मी थट्टा करत नव्हते.

निवृत्त माणसाला नवरा-बायको मिळून फिरायचा पास मिळतो. तो कपाटात पडून होता. सोयाबीन घरात आलं, थंडी पडली, तेव्हा मी रोज त्या कपाटावर दोनदा टकटक करायला लागले. पंधरा दिवसांनी साहेबांच्या ध्यानात आलं. एका रविवारी निघायचं ठरलं.

ठरल्यावर मात्र सगळा कारभार त्यांनी हातात घेतला. कुठली गाडी, कुठे किती मिनिटं थांबते, कुठे चहा चांगला, सगळं पाठ म्हणून दाखवलं. पास, पाणी, डबा, त्यांच्या बीपीच्या गोळ्या, माझा मोबाइल, सगळं एका बॅगेत कोंबलं आणि ती बॅग स्वतःच्या खांद्यावर. मी म्हटलं, "मोबाइल तरी माह्याजवळ राहू द्या." तर म्हणाले, "सामान एका जागी पाह्यजे. लय पाह्यले म्या सामान हरपून बोंबलनारे." मी कमरेचा बटवा तेवढा दिला नाही. निळ्या काठाचा एक पांढरा रुमाल हातात ठेवला. तो का ठेवला हे मला माहीत होतं.

सकाळी सातला फाट्यावर वाशिमकडून बुलडाण्याची गाडी आली. कंडक्टर निघाला जगदेव. तो नोकरीला लागला तेव्हा पहिले सहा महिने यांच्याच हाताखाली होता. "जयभीम, काका! जयभीम, काकू!" म्हणत त्याने यांचा हात धरून वर घेतलं. मी मागून माझी माझी चढले. दोघांचं एक बाकडं रिकामं दिसलं. मी खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर रुमाल अंथरला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी नवऱ्यासाठी जागा धरली होती. मनातल्या मनात मी तयार होते, की ते येतील, रुमाल उचलतील, बसतील. मी खिडकीतून बाहेर पाहिल्यासारखं करीन.

ते आले नाहीत. दाराजवळच्या दांड्याला टेकून जगदेवशी गप्पा सुरू. कोण कुठे बदलून गेला, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिकिटाची नवी मशीन कशी अडते. डोणगावला एक बाई चढली. माणिकराव तिला घेऊन थेट माझ्या बाकड्याशी आले, रुमाल उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बसा बाई, ही जागा खालीच हाये."

मी म्हटलं, "खाली नाई हाये. तुमच्यासाठी धरली हाये."

"मले कायले? मले उभं राह्याची सवय हाये," असं म्हणून ते परत दाराशी. ती बाई अवघडून मला म्हणाली, "मी उठू का वो?" मी म्हटलं, "बसा." तिचा काय दोष? मेहकरला ती उतरली. मी पुन्हा रुमाल अंथरला. यांनी एका म्हाताऱ्याला आणून बसवलं. तो उतरला, मी पुन्हा अंथरला. मग एका कॉलेजच्या पोरीला आणून बसवलं. प्रत्येक वेळी मोठ्या उदार मनाने, प्रत्येक वेळी माझ्याकडे न पाहता. मधल्या रस्त्यात एकदा मीच हाक मारली, "अवो, इकडं या जरा, तळं पाहा कसं भरलं." तर तिथूनच, "पाह्यलं हाये म्या ते. हजारदा पाह्यलं." मी पाहिलेलं नव्हतं. एकटीने पाहिलं.

चिखली आली तेव्हा माझ्या डोक्यात आग झाली होती. गाडी तिथे पंधरा मिनिटं थांबणार होती. मी उतरताना यांना म्हटलं, "मी जाऊन येतो." जगदेवचं बोलणं ऐकता ऐकता म्हणाले, "दहा मिनटं." मी माझ्या जागेवर, खिडकीशी, रुमाल ठेवला आणि उतरले. रविवार, लग्नाची तिथी, बाथरूमपुढे बायकांची ही लांब रांग. दोन बायकांजवळ लेकरं होती, त्यांना पुढे जाऊ दिलं.

बाहेर आले तर गाडी नाही.

आधी वाटलं, गाडी दुसरीकडे लावली असेल. मग फलाटासमोर, जिथे गाडी उभी होती तिथे, खाली पाहिलं. निळ्या काठाचा माझा रुमाल पडला होता, त्यावरून चाक गेल्याची खूण. मला कोणी काही सांगायची गरज उरली नाही. तो रुमाल खिडकीतून कोणी फेकला, हे केनवडचं शेंबडं पोरगंही सांगेल.

नंतर जगदेवने फोनवर रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. तो नोंद करायला नियंत्रकाच्या खोलीकडे गेला आणि जाताना सहज बोलून गेला, "काका, तेवढे मोजून घेता काय?" बस. माणिकरावांना दोन वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी खांदे सरळ केले, आत गेले, सवयीने दोन-तीन रुमाल उचलून खिडकीबाहेर टाकले. एक मिशीवाला पाहुणा पोतं घेऊन उभा होता. त्याला म्हणाले, "बसा, ही जागा खाली हाये," आणि माझ्या जागेवर बसवला. मग मोजलं. चव्वेचाळीस सीटा, चव्वेचाळीस डोकी. जगदेव परत आला, "काकू आल्या काय?" असं विचारणार तेवढ्यात यांनी म्हटलं, "बराबर हाये, चाल," आणि स्वतः दोरी ओढली. दोनदा.

मी रुमाल झटकला आणि बाकावर जाऊन बसले. शेजारी एक शेंगा विकणारी बाई टोपली घेऊन बसली होती. म्हणाली, "गाडी सुटली काय वो? मालक सोबत नोते?"

"होते. त्या गाडीतच हायेत."

"अवं माय! मंग फोन लावा नं."

"फोन त्यायच्या बॅगेत हाये."

तिने आपला फोन काढून पुढे केला. "नंबर पाठ असन तं घ्या, लावा." नंबर पाठ होता. मी घेतला नाही. मला पाहायचं होतं. स्टँडच्या फाटकातून बाहेर पडता पडता कळेल, असं आधी वाटलं. फाटकाकडे पाहत बसले. मग वाटलं, एका टप्प्यात कळेल. गावाबाहेर गाडी लागली की माणूस एकदा तरी मागे वळून पाहतोच. सहा किलोमीटरला किती वेळ लागतो हे मला इतक्या वर्षांत चांगलं माहीत आहे. तेवढा वेळ गेला. दुसरा टप्पा गेला. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. चौतीस वर्षं ज्याचे डबे भरले, ज्याचा खाकी शर्ट रोज धुऊन वाळवला, त्याला मी गाडीत नाही हे बारा किलोमीटर कळत नाही. मी मेले तर काय करतील? ताटं मोजतील, एक कमी ठेवतील, झालं. मी उठून चौकशीच्या खिडकीवर गेले आणि अकोल्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. बाराला होती, खामगाववरून. बायकांना आता अर्धंच तिकीट लागतं, तेवढं बटव्यात होतं.

पावणेबाराला एका जीपमधून माणिकराव उतरले. बॅग खांद्यावर, शर्ट घामाने चिकटलेला. थंडीत घाम. ते धावतच फलाटावर आले, मला बाकावर पाहिलं आणि थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. चुकलं म्हणतील, घाबरलो म्हणतील.

ते म्हणाले, "मोजले होते म्या. चव्वेचाळीस बराबर होते."

मी म्हटलं, "कुठं कळलं?"

ते खोटं बोलत नाहीत, हीच तर माझी पंचाईत आहे. "तीन टप्पे झाल्यावर."

"काहून? तीन टप्प्यानं काय झालं?"

खाली पाहून म्हणाले, "गोळीचा टाइम झाला. कोनती घ्याची ते तुले इचाराले गेलो तं त्या जागी तो मिशीवाला."

शेंगावाली तोंडाला पदर लावून दुसरीकडे पाहायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोळी होती म्हणून मी आठवले. गोळी नसती तर अजिंठ्यापर्यंत गेले असते, लेणी मोजून आले असते.

"मोजले तुमी," मी म्हटलं. "पाह्यलं नाई. लग्नापासून मोजूनच राह्यले. त्रेपन्न, चव्वेचाळीस. म्या सकाळपासून तीनदा रुमाल टाकला तुमच्यासाठी. तीनदा! साऱ्या गाडीले बसवलं तुमी माह्या बाजूले, एक तुमी नाई बसले. आन शेवटी मलेच उठवलं माह्या जागेवरून." आवाज चढला होता. लोक पाहत होते. पाहू देत. "हा रुमाल फेकला तवा वळखू आला नाई तुमाले? घरी दोरीवर रोज वाळते तो."

त्यांनी रुमालाकडे पाहिलं, त्यावरच्या चाकाच्या डागाकडे. बॅगेत हात घालून पाण्याची बाटली काढली, माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

"बुलडान्याची गाडी हाये साडेबाराले," हळूच म्हणाले. "लेनी पाहून होतीन."

"मले नाई पाहाची आता लेनी. मी अकोल्याले चालली, विकासकडं. माहा मोबाइल द्या. तुमी जा केनवडले."

"कवा येशीन?"

"येत नाई."

हे ऐकल्यावर ते बाकावर बसले. माझ्या बाजूला, मध्ये रुमालाएवढी जागा सोडून. चौतीस वर्षांत पहिल्यांदा एका बाकावर शेजारी शेजारी, आणि तेही गाडी निघून गेल्यावर. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मोबाइल त्यांनी काढून दिला. या माणसाला हजार लोकांच्या गर्दीत ओरडता येतं, एका बायकोशी बोलता येत नाही. मी रुमाल बाकावरच ठेवला, बटवा काढला, साडी सारखी केली आणि टोपली घेऊन फलाटाच्या टोकाला गेलेल्या शेंगावालीशेजारी जाऊन उभी राहिले.

अकोल्याची गाडी वळण घेऊन आत आली. थांबायच्या आधीच लोक दोन्ही बाजूंनी धावले. लग्नाचं वऱ्हाड, पोती, बॅगा, दाराशी नुसती रेटारेटी. मी मनात म्हटलं, खामगावपर्यंत उभंच जावं लागणार, गुडघ्यांचं काय होईल ते होईल. तेवढ्यात बाकावरचा रुमाल माणिकरावांनी उचलला आणि ते धावले.

साठीला आलेला माणूस, बीपीच्या गोळ्या खाणारा, पिवळ्या-लाल गाडीच्या बाजूने धावत होता. खिडकीशी पोचले, टाचा उंचावल्या, रुमाल आत टाकला. तो सीटवर पडला की नाही ते पाहायला मान वाकडी केली. मग खांद्यावरची बॅग काढली, तिच्यात आमचा डबा, पास, गोळ्या, सगळं, आणि तीही त्याच खिडकीतून आत कोंबली, शेजारच्या जागेवर. मी पाहतच राहिले. तेहतीस वर्षं ज्याने लोकांचे रुमाल बाहेर फेकले, तो आज लोकांसारखाच खिडकीला लोंबकळत होता.

गाडीचा कंडक्टर जाडजूड होता, आवाजही तसाच. त्याने आत रुमाल उचललेला मला काचेतून दिसला. "कोनाचा हाये हा? रुमालाचं तिकीट काढलं काय कोनी?" आणि फेकायला हात खिडकीबाहेर काढला.

माणिकरावांनी खालून त्याचं मनगट धरलं.

"फेकू नका साहेब, हात जोडतो," ते ओरडले. सगळ्या स्टँडला ऐकू गेलं असेल. "जागा धरली हाये. माह्या बायकोची हाये ते. बाजूची माही."

"बायकोची हाये तं बायको कुठं हाये?"

माणिकराव वळले. गर्दी त्यांना दाराकडे रेटत होती आणि ते खिडकीच्या गजाला एका हाताने धरून मागे पाहत होते. बाकाकडे पाहिलं, मी तिथे नव्हते. चौकशीच्या खिडकीकडे पाहिलं. बायकांच्या रांगेकडे पाहिलं. मी नीट निरखून पाहत होते. त्यांचे ओठ हलत नव्हते. एकदा त्यांची नजर माझ्यावरून सरकून पुढे गेली, कारण मध्ये एक वऱ्हाडातला उंच माणूस आला, आणि त्यांचा चेहरा असा काही पडला की तो मी कधी पाहिला नव्हता. बहुतेक तीन टप्प्यांवर, त्या मिशीवाल्यासमोर, असाच पडला असेल. तेव्हा पाहायला मी नव्हते.

शेंगावाली मला कोपराने ढोसत म्हणाली, "अवो बाई, हात दाखवा नं. मालक तुमालेच हुडकून राह्यले."

"माहीत हाये," मी म्हटलं. "हुडकू द्या थोडं."